टोपली उपडी घालून बसणारी सून

त्या वाळूच्या दांड्यावर टोपली उपडी घालून बसलेली पोर दिसते ना? बाकीच्या बायका वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचतायत आणि ही नुसती पाखरं बघतेय. तिला आळशी म्हणू नका हो पाहुणे, इथल्या बायका टोपल्या घेऊन मागे लागतील!

सांगतात ते असं. फार मागे आवडू नावाची नवी सून ह्या कोळीवाड्यात आली. वेचता वेचता तिची नजर सारखी चिखल्या-तुतवारांकडे, पाण्याच्या कडेने तुरुतुरु पळणाऱ्या इवल्या पाखरांकडे. सासू हौसाय जिभेची तिखट. एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "काय म्हणतात गं तुझी पाखरं? संध्याकाळी रांधून घालणार का?" बायका खो खो हसल्या. आवडूच्या काळजाला ते लागलं. आज मान वर करायचीच नाही, असं तिने ठरवलं.

पाखरं जागा सोडून डोक्यावरून गेली, तेव्हाच भरती चढतेय हे तिला कळलं होतं. पंखांचा फडफडाट ऐकला, वाळूवरून सावल्या सरकल्या. पण रागाने मान खालीच. शेवटी राहवेना म्हणून पाहिलं, तर भरती पाठीमागून आलेली! दांडा आणि किनारा यांच्यामधली सखल वाट पाण्याखाली. एकच ओरड झाली. कोणी उजवीकडे धावली, कोणी डावीकडे, आणि दोन्हीकडे पाणी छातीशी.

हौसायने भरलेली टोपली टाकून दिली, सुनेचा हात घट्ट धरला आणि म्हणे अगदी हळू विचारलं, "आवडू, काय म्हणतात गं तुझी पाखरं?"

आवडूने डोळे पुसले. दूर पाण्याच्या मधोमध पाखरं ओळीने उभी होती. पाण्यावर कुणी उभं राहतं का? खाली वाळू उंच असणार! "तिकडून चला! टोपल्या टाका!" ती ओरडली. एकमेकींचे पदर धरून बायका निघाल्या. आधी कमरेएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. पाखरं उडत आणि पुढे पुन्हा उतरत. सगळ्या किनाऱ्याला लागल्या, तरी हौसाय सुनेचा हात सोडीना.

आजही दांड्यावर सर्वांत नव्या सुनेची टोपली उपडी पडते. तिचा वाटा बाकीच्या वेचतात. आणि वेचायला लागण्याआधी सर्वांत म्हातारी सासू तिला विचारते, "काय म्हणतात गं तुझी पाखरं?" कोणी हसत नाही. सुनेचं उत्तर येईपर्यंत एकही बाई खाली वाकत नाही.