रुमालाखालचा ऐवज

एकदा एका वृद्ध मूर्तिकाराच्या कारखान्यात एक तरुण शिष्य गणपतीच्या डोळ्यांची आखणी शिकत होता. मूर्ती साच्यातून कोणीही काढील, अंगाला रंगही कोणी देईल. पण डोळे आखणारा हात शंभरांत एखाद्याचाच. वृद्धाचा हात आता कापू लागला होता. सहा वर्षांच्या मेहनतीनंतर त्याची ती विद्या उतरली होती या एकट्या शिष्यात, आणि या पठ्ठ्याने नुकतीच मोटारसायकल घेतली होती.

आईने दिलेले हेल्मेट कारखान्यातल्या खुंटीवर लटकत असे. शिष्य उघड्या डोक्याने सुसाट येई आणि सुसाट जाई. त्याची गाडी वळणावर दिसेपर्यंत वृद्धाचे कामात लक्ष लागत नसे.

"हेल्मेट घालत का नाहीस?" एकदा वृद्धाने विचारले.

"कानांना वारा लागत नाही, नाना. आणि डोकं माझं, गाडी माझी. पडलो तर मी पडेन, त्यात दुसऱ्याचं काय जातं?" शिष्य हसून म्हणाला. "शिवाय हे घालणारेच जास्त बेफाम चालवतात. डोकं झाकलं की त्यांना वाटतं, आता आपल्याला काही होत नाही. मी उघडा असतो, म्हणून सावध असतो."

मुलगा वाह्यात असता तर गोष्ट सोपी होती. पण त्याच्या बोलण्यात तथ्य होते, आणि तीच खरी पंचाईत. वृद्धाला राग आला नाही, कुतूहल वाटले. "सावध असतोस म्हणतोस? पाहू या एकदा," एवढेच तो म्हणाला.

चतुर्थीला चार दिवस उरले होते. सकाळी वृद्ध म्हणाला, "मला लेकीच्या गावी सोड." तो आतून आला तेव्हा त्याच्या हातात एक पाट होता आणि पाटावर लाल रुमालाने झाकलेले काहीतरी. पाट मांडीवर धरून तो मागे बसला.

एरवी तो बारा किलोमीटरचा रस्ता शिष्य पंधरा मिनिटांत कापत असे. त्या दिवशी तासभर लागला. प्रत्येक खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबे. वळणावर एक जीप अंगावर आली, तर हा आधीच कडेला उभा! एक ट्रकवाला ओरडला, "ढकलत नेतोस काय रे?" शिष्याने तिकडे पाहिलेही नाही. वाटेत लोक 'मोरया' म्हणत बाजूला होत होते. वृद्ध संपूर्ण प्रवासात एक शब्दही बोलला नाही.

लेक भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तिने पाटावरून भाकरतुकडा ओवाळायला हात उचलला.

"थांब," वृद्ध म्हणाला. "ओवाळ, पण या पोराच्या डोक्यावरून." आणि त्याने रुमाल उचलला.

पाटावर खुंटीवरचे हेल्मेट होते.

"नाना, मला वाटलं मूर्ती आहे!"

"मी कुठं तसं म्हणालो?" वृद्ध ओट्यावर टेकला. "आज तुला कोणी अडवलं? मी एक अक्षर बोललो नाही. तरी तू हळू आलास, आणि स्वतःच्या मर्जीनं आलास. तुझी मोकळीक कुठंही गेली नाही. मोलाची वस्तू घेऊन चाललोय, एवढंच काय ते तुला ठाऊक होतं. रोज मात्र तू गाडीवर कोणी नसल्यासारखा येतोस. अरे, मूर्ती फुटली तर आठ दिवसांत दुसरी करीन. डोळे आखणारा घडवायला सहा वर्षं लागली. आणखी सहा माझ्याकडे नाहीत रे."

तरीही शिष्यातला शंकेखोर जागा झालाच. "पण नाना, रोज असंच जपून चालवलं, तर मग हेल्मेट कशाला?"

"मूर्ती पेटीत भरताना भोवती पेंढा का घालतोस? तुझा हात सुटेल म्हणून?"

"नाही. वाटेत दुसऱ्या कोणाचा धक्का लागला तर..." शिष्य बोलता बोलता थांबला.

"आणि पेंढा घातलाय म्हणून पेटी आपटतोस का?"

शिष्याने मान हलवली. परत निघताना त्याने हेल्मेट उचलले, डोक्यावर चढवले आणि मागे बसू पाहणाऱ्या वृद्धाकडे पाहिले. त्याने ते लगेच काढले.

"नाना, तुमच्या डोक्याचं काय?"

"मी पिकलं पान. माझं डोकं, माझं..." वृद्ध म्हणाला आणि एकदम थांबला. लेक तोंडाला पदर लावून हसू लागली.

मोटारसायकल अंगणातच ठेवून दोघे एसटीने परतले. दुसऱ्या दिवशी ती न्यायला आले, तेव्हा शिष्याच्या हातात आणखी एक हेल्मेट होते. कानांना वारा लागत नाही, अशी कुरकुर करीत वृद्धाने ते डोक्यावर घातले.