बंद झालेलं मॉडेल

"गाडी घ्यावी की नाही, एवढंच विचारतोय मी," अण्णाबुवा म्हणाले. "हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

"नाही," उपेंद्र म्हणाला.

"बघितलीस?"

"बघायची गरज नाही."

मठाच्या अंगणात, फणसाखाली, ती पिकअप उभी होती. पुढं पाच माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, रंग मातकट हिरवा. दारावर जुन्या अक्षरांत नाव होतं, गिरिराज.

बॉनेटला टेकून परशराम गावडे उभा होता. चंदगडकडचा काजूवाला. सहा वर्षांपूर्वी त्यानं ही गाडी दुसऱ्या हाताची घेतली होती. आता छोटी नवी घेतली, म्हणून ही विकायला काढली होती.

मठाची जीप कायमची बसली होती. उन्हाळ्यात वरच्या वाड्यांना पाण्याची टाकी न्यायची आणि एखादी बाई अडली की तिला घाट उतरून दवाखान्यात पोचवायची, ही दोन कामं मठानं अंगावर घेतलेली. गाडीवाचून दोन्ही खोळंबली होती.

आणि गाडीतलं कळणारा मठात एकटा उपेंद्र वाळिंबे. पुण्याच्या एका मोटार कंपनीत त्यानं एकोणीस वर्षं नव्या गाड्या तपासण्याचं काम केलेलं. ते सोडून तो इथं आला, त्याला सहा वर्षं झाली होती.

"कारण सांगशील?" बुवांनी विचारलं.

"हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय, बुवा. आठ वर्षं झाली. उद्या काही मोडलं तर सुटा भाग मिळणार नाही. ज्याला पुढं नाही, त्यात जीव गुंतवू नये."

शेवटचं वाक्य त्याचं त्यालाच आवडलं. अशी वाक्यं त्याला सुचत. पहाटे तीनला उठणं, एकभुक्त राहणं, वर्षभराचं मौन, सगळं त्यानं पार पाडलं होतं. वाडीतली माणसं आधी त्याच्या पाया पडत आणि मग बुवांच्या, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. येत्या पौर्णिमेला त्याची दीक्षा ठरली होती.

"असं कसं ओ म्हंता?" परशराम पुढं आला. "इंजिन त्याच कंपनीच्या जीपचं हाय, ती जीप अजून निघतीया. क्लच, ब्रेक, फिल्टर, सगळं बेळगावात मिळतंय. दारं-काचांचंच तेवढं अवघड. मागं एक दिवा सांगलीच्या भंगारातनं आणला, पण मिळाला की!"

तो खरं बोलत होता. उपेंद्रला ते ठाऊक होतं.

"बघ तरी एकदा," बुवा पायरीवर बसत म्हणाले. "एवढा घाट चढून आलाय माणूस."

उपेंद्रनं बाह्या मागं सारल्या.

त्यानं बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी काढून बोटांत चोळून बघितली, काळं पण स्वच्छ. रेडिएटरचं झाकण उघडलं, पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. गाडी चालू करायला सांगून तो मागच्या नळीशी उभा राहिला. धूर पहिल्या झटक्याला निघाला आणि विरला. दारांच्या कडांवरून त्यानं नख फिरवलं. ठोकून पुन्हा रंगवल्याची खूण कुठंच नव्हती. चासीवरचा नंबर कागदाशी जुळला. चारी टायर सारखेच झिजलेले. मीटरवर चौऱ्याऐंशी हजार.

चौऱ्याऐंशी हजार.

उपेंद्रनं दार जरा जोरातच लावलं.

"बाईमाणसावाणी जपली हाय," परशराम म्हणाला.

खरंच जपली होती. गाडीभोवती तीन फेऱ्या मारून उपेंद्र पायरीशी आला. हात पुसू लागला. पुसतच राहिला…

"काय?"

"नकोच, बुवा."

"तीनदा फिरलास," बुवा म्हणाले. "पुढं वाकलास, मधे वाकलास. मागच्या चाकांशी आलास की पाय उचलून चालायचास. तिथं नाही वाकलास."

उपेंद्र पुन्हा हात पुसू लागला. "तिथं बघण्यासारखं काही नाही."

"बरं."

"माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. घेऊ नका."

"ठेवला. नाही घेत."

हे इतकं पटकन झालं, की उपेंद्रला हायसं वाटलं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं आणि हा शब्द कुठून आला म्हणून तो दचकलाही.

परशरामनं वाईट वाटून घेतलं नाही. त्यानं खिशातून किल्ली काढली. "तुमास्नी द्यावी म्हणून आदी हिकडं आलो, बुवा. आता खालच्या शाळेच्या देसाईंना देतो. ते तीनपातुर थांबल्यात. बावीस पोरं हायत वाड्यांवरची. हौद्यात बाकडी टाकून त्यास्नी न्यायचं म्हंत्यात."

"घाटानंच?" बुवांनी विचारलं.

"दुसरी वाट कुठली?"

बुवा उपेंद्रकडं बघत होते. उपेंद्र फणसाकडं बघत होता.

"परशराम," बुवा म्हणाले, "मलाही खाली दवाखान्यात जायचंय. सोडशील?"

"म्हंजे काय! बसा की पुढं."

"पुढं नको. मागं बसतो."

"ऊन हाय, बुवा…"

एव्हाना बुवा हौद्याशी पोचले होते. ऐंशीचं वय. परशरामनं आधार दिला, तेव्हा ते कसेबसे वर चढले आणि डाव्या चाकाच्या बरोबर वर, काजूच्या रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसले.

"बुवा," उपेंद्र म्हणाला. "आज नका जाऊ."

"का?"

उपेंद्र दारावरचं नाव बघत राहिला.

"बंद झालेलं मॉडेल आहे म्हणून?"

उपेंद्र गाडीपासून एक पाऊल मागं सरला.

"चल रे," बुवांनी हौद्यावर थाप मारली.

गाडी सुरू झाली. अंगणात वळली. मठाच्या दगडी कमानीतून बाहेर पडली. कमानीपुढं लगेच उतार लागतो आणि उतार संपतो तिथं पहिलं वळण. वळणाला कठडा नाही.

उपेंद्र उभा होता. त्याला हौद्यात बुवांचं पांढरं डोकं हलताना दिसत होतं. एक दणका, मग दुसरा. दर दणक्याला मागची चाकं दबत होती आणि वर येत होती.

तो धावला.

गाडीच्या मागून धावून उपयोग नाही, हे त्याला धावतानाच कळलं. तो कमानीशेजारच्या बांधावरून खाली उतरला, करवंदीच्या जाळीतून अंग ओरबाडत थेट वळणाशी निघाला आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला. परशरामनं ब्रेक दाबला. गाडी त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबली.

"मरतासा काय!"

"उतरवा त्यांना. चाकाला दगड लावा."

"आवं पण…"

"दगड लावा आधी!"

बुवा खाली उतरले. त्यांनी काहीच विचारलं नाही.

उपेंद्र मागच्या डाव्या चाकाशी पाठीवर आडवा झाला आणि सरकत आत गेला. तिथं पाट्याचं, म्हणजे मागच्या आसाला धरणाऱ्या लांब स्प्रिंगचं, पुढचं टोक एका ब्रॅकेटनं चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जोडलेलं असतं. त्या ब्रॅकेटवर ग्रीस आणि मातीचा थर होता. त्यानं आतून ओरडून फडकं मागितलं, थोडं डिझेल मागितलं. मग म्हणाला, "खडू. फळ्याचा खडू."

परशराम धापा टाकत मठात जाऊन पोरांच्या शिकवणीचा खडू घेऊन आला.

उपेंद्रनं जोड घासून लख्ख केला. त्यावर डिझेल चोळलं. थोडं थांबून ते कोरडं पुसून घेतलं, खडूची पूड करून बोटानं सगळीकडं फासली. लोखंड पांढरंशुभ्र झालं.

"आता?" परशराम गुडघ्यांवर बसून आत डोकावत होता.

"थांबायचं."

थांबले. इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं. पांढऱ्या पुडीवर काहीच नव्हतं… काहीच नव्हतं… मग एक ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. केसाएवढी बारीक, काळपट, ओली. जोडाच्या कडेनं ती सरकत गेली आणि वळून चासीत शिरली. बोटभर लांब.

"ह्ये काय हो?"

"तडा आहे. डिझेल आत मुरलं होतं, ते बाहेर आलं." उपेंद्रनं डोळे मिटले. "हा ब्रॅकेट सुटला, की मागचा आस एका बाजूला सरकतो. गाडी स्वतःहून वळते. स्टेअरिंग काही करू शकत नाही. आणि तुटायच्या आधी आवाज येत नाही."

"तुमाला कसं ठावं?"

उपेंद्र गाडीखालूनच बोलू लागला.

"मीच तपासली होती. बाजारात यायच्या आधी. घाटात, भरल्या हौद्यानं. ऐंशी हजारांच्या पुढं तीनपैकी दोन गाड्यांना असाच तडा गेला. मी तसं लिहिलं. वरचे म्हणाले, तारीख ठरलीय, आणि एवढं ओझं घेऊन घाटात कोण जातंय? 'मर्यादेत आहे' असं लिही. मी लिहिलं. सही केली. त्या वर्षी मला बढती मिळाली."

"आणि बंद केली ती ह्याच्यामुळं?" बुवांनी विचारलं.

"खपली नाही म्हणून. ह्यासाठी नाही. पुढं एका डोंगराळ गावातून विक्रेत्याचं पत्र आलं. पाटा निसटला, गाडी दरीत गेली. चालवणाऱ्याचं नाव होतं त्यात. ते पत्र मी फायलीला लावलं. महिन्याभरात नोकरी सोडली… आणि इथं आलो."

परशराम मागं सरकून रस्त्यातच बसला. मग त्याचा आवाज चढला.

"दर शनिवारी बाजाराला बायको बसतीया ह्यात. धाकटी पोरगी हौद्यात हुबी ऱ्हाती, वारं खायला. सहा वर्षं! आन् तुमी सकाळी गाडीभवती तीन फेऱ्या मारल्या, मी देसाईंचं नाव घेतलं, बावीस पोरं सांगितली… तवा बी तुमी झाडाकडं बघत हुतासा?"

उपेंद्र गाडीखालून बाहेर आला. कफनी ग्रीसनं माखली होती, कपाळाला खडू लागला होता. त्यानं परशरामच्या डोळ्यांकडं बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"हो," तो म्हणाला.

बुवा चाकाशी आले.

"दुरुस्त होतं का हे?" बुवांनी विचारलं.

"होतं. तड्याच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे तो पुढं जात नाही. मग दोन्ही बाजूंना जाड पोलादी पट्ट्या, बोल्टांनी आवळलेल्या. उजवीकडंही तसंच."

"किती दिवस लागतील?"

उपेंद्र अडखळला. "अर्धा दिवस."

"अर्धा दिवस," बुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर उपेंद्रला बरं वाटलं असतं.

मग ते परशरामकडं वळले. "पट्ट्या मारून आण. गाडी मठ घेईल."

परशराम त्यांच्याकडं बघतच राहिला. "सकाळी ठणठणीत हुती तवा नको म्हणाला, बुवा. आता तडा दिसला, तर घेतासा?"

"सकाळी कुठं मोडते ते माहीत नव्हतं."

परशरामनं चाकांना लावलेले दगड पायानं नीट बसवले आणि किल्ली खिशात टाकली. खालच्या वाडीतल्या लोहाराला वर घेऊन येतो म्हणाला. गाडी हलवायची नाही, असं स्वतःलाच दोनदा बजावत पायीच घाट उतरू लागला.

वळणावर गुरू-शिष्य दोघंच उरले.

उपेंद्रच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. इतक्या वर्षांत इतका मोकळा श्वास त्यानं घेतला नव्हता. डोळे भरून आले. मौनानं जे झालं नाही, उपासानं झालं नाही, ते आज झालं, असं त्याला वाटलं. त्यानं वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बुवा, आज सगळं टाकलं. आता काही उरलं नाही. पौर्णिमेला तुमच्यासमोर बसेन तो रिकामा होऊन बसेन."

बुवांनी पाय मागं घेतले.

"अशा किती गाड्या काढल्या तुमच्या कंपनीनं?"

उपेंद्र तसाच वाकलेला राहिला. हा आकडा त्याला कुणी कधी विचारला नव्हता. आणि तो आठवावाही लागला नाही.

"चार हजार एकशे सोळा."

"कुणाकुणाकडं आहेत, कळेल?"

"नोंदी असतात… बऱ्याच पुढं दुसऱ्यांना विकल्या गेल्या असतील. गावोगाव फिरावं लागेल." तो थांबला. हळूहळू त्यानं मान वर केली. "बुवा… पौर्णिमा चार दिवसांवर आलीय."

अण्णाबुवांनी त्याच्या कपाळावरचा खडू आपल्या उपरण्यानं पुसला, नीट, दोनदा. मग मठाची चढण चढू लागले. चार पावलं गेल्यावर, मागं न बघता म्हणाले,

"जेवून नीघ."