एकाच खोलीतले पिस्टन आणि व्हॉल्व्ह

इंजिनाच्या अवयवांना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. एका मोटारीत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच खोलीत राहत असत. पिस्टन वर येई, तेव्हा व्हॉल्व्ह बाजूला होई. इतक्या वर्षांत त्यांचा एकमेकांना धक्काही लागला नव्हता. दोघांची वेळ बाहेरचा रबरी टायमिंग बेल्ट सांभाळीत असे.

दसऱ्याला मालक केसोपंतांनी बॉनेटला झेंडूचा हार घातला. मेकॅनिक म्हणाला, "पंत, बेल्ट बदलायला झालाय."

"गाडी किती शांत चालते आहे! उगाच कशाला उघडायची?" असे म्हणून पंतांनी नारळ फोडला.

आत बेल्ट म्हणाला, "बाबांनो, मला तडे गेलेत. मी तुटलो, तर तुम्ही एकमेकांवर आदळाल."

पिस्टन हसला. "आम्ही एकमेकांना वाट देतो, ते आमच्या संस्कारांमुळे. तुझा काय संबंध, दादा?"

बेल्ट तसाच फिरत राहिला. पुढे एकदा गाडी घाट चढत असताना तिसऱ्या वळणावर तो तुटला. पिस्टन वेगाने वर आला. व्हॉल्व्ह वाटेतच उभा होता.

"अरे, सरकायचं होतंस ना!" डोके फुटलेला पिस्टन कण्हला.

वाकलेला व्हॉल्व्ह म्हणाला, "रोज मीच सरकतो, असं मलाही वाटत होतं."