चौकात हत्ती अडला

एका राज्याची राजधानी होती सोनवट. तिच्या मधोमध भलामोठा चौक. त्यात दगडी हौद, भोवती भाजीवाल्या, कासार, न्हावी आणि दिवसभर गलका. या चौकाची एक रीत होती. स्वारी कितीही थाटाची असो, राजाने चौकाच्या तोंडाशी हत्तीवरून उतरायचं आणि चौक पायी ओलांडायचा.

कीर्तिसेन नवा राजा झाला. स्वभाव भारी चौकस! "उतरायचं ते का?" त्याने विचारलं. पुरोहित म्हणाले, "इथे पूर्वी देऊळ होतं." सेनापती म्हणाला, "छे, इथे लढाई झाली होती." माहूत म्हणाला, "एका राजाचा हत्ती घसरला होता म्हणे." जितकी तोंडं तितक्या गोष्टी! शेवटी प्रधान हसून म्हणाला, "महाराज, कारण कुणालाच ठाऊक नाही. मग उन्हातान्हात पाय कशाला भाजून घ्यायचे?" राजाला ते पटलं. त्याने रीत मोडली.

तेव्हापासून स्वारी चौकातून हत्तीवरूनच जाई. राजा वरून हात हलवी. सगळं कसं छान चाललंय, असं त्याला वाटे. वाटायचंच! वरून पागोटी दिसतात, तोंडं थोडीच दिसतात?

चैत्रात एकदा स्वारी निघाली. तहानलेल्या हत्तीने हौदात सोंड घातली आणि तो जागचा हलेना. माहुताने अंकुश लावला, गूळ दाखवला. हत्ती ढिम्म! राजाला उतरावंच लागलं. पाहतो तर हौद ठणठणीत कोरडा आणि काठावर रिकाम्या घागरींची रांग.

"हौद कधी आटला?" त्याने तानूबाई भाजीवालीला विचारलं.

"तुमच्या बागेत कारंजी उडायला लागली तेव्हा, महाराज. तलावाचं पाणी तिकडे वळवलं. इथे लेकरं तहानेने रडतात."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"अहो, ओरडून ओरडून घसे बसले आमचे! पण पुढे तुमचे ढोल आणि तुम्ही एवढ्या उंचावर. तुम्हाला वाटलं, आम्ही जयजयकार करतोय. तुम्ही हसून हात हलवलात."

राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रधान लगबगीने पुढे आला. "महाराज, दुसरा हत्ती मागवू?"

"नको," राजा म्हणाला. "तुम्ही जाऊन आधी कारंजी बंद करा. मी चालत येतो. अजून अर्धा चौक ऐकायचा राहिलाय."

तात्पर्य: कारण कळत नाही म्हणून जुनी रीत मोडू नये. आणि ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने लोकांत पायी फिरावं. उंचावर बसलेल्याला गाऱ्हाणंही जयजयकारासारखंच ऐकू येतं.