राखेची रेघ

एका राज्यात साथ आली, तेव्हा राजा शूरकेतूने मांत्रिकाकरवी प्रत्येक गावाच्या शिवेवर राखेची रेघ आखून घेतली. रेघेपलीकडे साथ जाईना. पण माणूसही जाईना. पाय उचलला की गुडघ्यापर्यंत दगड होई. धान्य पलीकडे फेकले तर त्याचे भूस होई.

वर डोंगरात उंबरपाडा, खाली काळ्या मातीत जोंधळी. माघ सरता सरता उंबरपाड्याची माणसे विळे घेऊन जोंधळीत उतरत, ज्वारी कापत आणि मजुरीच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन घरी चढत. पावसाळ्यापर्यंत त्यांचे पोट त्यावरच चाले. त्या साली कोणी उतरले नाही. खाली कापायला हात पुरेनात, कणसे वाळून गळू लागली; वर कणग्या रित्या झाल्या.

पुढे साथ ओसरली, तशी ती संपल्याची दवंडीही फिरली. रेघ मात्र होती तिथेच राहिली.

उंबरपाड्यात सगुणा नावाची बाई होती. तिचा नवरा साथीत गेला होता. घरात दोन लेकरे होती आणि गाडग्यात बियाण्याचे हुलगे. लेकरे गाडग्याकडे बघत आणि ती लेकरांकडे बघत नसे.

एके सकाळी कुडावर एक होला येऊन बसला. म्हणाला, "सगुणे, खाली एवढे दाणे सांडलेत की मला खाऊन उडवत नाही. चार दिवसांत शेत रिकामं होईल."

"तुझी चैन आहे बाबा. मला रेघ आडवी येते."

"मग आखणाऱ्याला विचार. शिवेवर धोंड्यावर बसलाय. तोही उपाशीच आहे."

सगुणा शिवेवर गेली. मांत्रिक म्हणाला, "बाई, आखायचं मला राजानं सांगितलं. पुसायचं माझ्या हाती नाही, तुझ्या आहे. ज्या आडाला गाव भितं, त्याचं पाणी आण. जे जीव गेला तरी खाऊ नये, ते धान्य आण. दोन्ही एकत्र शिजव आणि पलीकडच्या माणसाला आपल्या हातानं भरव."

नवरा गेला त्या दिवसापासून सगुणेच्या आडावर गावाने काटे टाकले होते. तिने ते ओढून काढले. शेजारीण ओरडली, "अगं, पुन्हा आणशील ती अवदसा!" सगुणेने पोहरा सोडला, पाणी काढले, आधी स्वतः प्यायली.

मग गाडगे उतरवले. थोरल्या लेकीने विचारले, "आई, पेरायचं काय?"

"पेरणीपर्यंत जगलो, तर त्याचा विचार करू."

लेकरांना घेऊन ती शिवेवर गेली आणि तीन दगड मांडून तिने घुगऱ्या शिजवल्या. वासाने पलीकडे बहिरजी पाटील आला. त्याचीच ज्वारी ती दरसाल कापत असे. सगुणेने ओंजळ नेमकी रेघेवर धरली. तिथले अन्न ना अलीकडचे ना पलीकडचे, म्हणून त्याचे भूस झाले नाही.

"खा, बहिरजीदादा."

"पाणी कुठल्या आडाचं?"

"आमच्याच."

पाटील मागे सरकला. "मला काही झालं तर?"

"मी तेच पाणी पिऊन समोर उभी आहे. नाही खाल्लंत, तर तुमची ज्वारी हा होला खाणार."

"खातोच आहे," पलीकडच्या बांधावरून होला म्हणाला.

पाटलाने लेकरांकडे पाहिले. ती आईच्या ओंजळीकडे बघत होती. त्याने डोळे मिटून तोंड पुढे केले. सगुणेने घास भरवला. तो बराच वेळ चावत राहिला.

"मीठ नाही यात."

"मीठ खालूनच येतं, दादा. तुमच्याकडूनच."

पाटील हसला आणि त्याने पुन्हा तोंड पुढे केले. तशी वाऱ्याची झुळूक आली आणि राख उडाली. सगळ्यांत आधी सगुणेची धाकटी पलीकडे गेली. तिचे पाय पायच राहिले.

त्याच दुपारी उंबरपाड्याचे विळे जोंधळीत उतरले. मागाहून राजाची दवंडी आली: पुढे साथ आली तर रेघ आखावी, पण कापणाऱ्यांपुरती वाट सोडून.

त्या साली निम्मी ज्वारी मातीत गेली. उरलेली निम्मी दोन गावांनी वाटून खाल्ली, आणि पेरणीपर्यंत पुरवली.