फांदी लावलेली गाडी

“...मग माझ्यात कमी काय हाय, बाबा? तेवढं तरी सांगा.”

दस्तगीरबाबा शेळीला पाला घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

दौलत म्हेत्रेने हा प्रश्न आज तिसऱ्यांदा विचारला होता. बाबांचा तकिया, म्हणजे फकिराचं खोपट, कोल्हेखिंडीच्या माथ्यावर होता, जिथे एक राज्य संपतं आणि दुसरं सुरू होतं. नाक्यावरून जाणाऱ्या हरेक ट्रकवाल्याला बाबा हिरव्या कापडाची एक चिंधी द्यायचे, आरशाला बांधायला. पिणाऱ्यांना दिली होती. एकाने दोनदा गाडी ओढ्यात घातली होती, त्यालाही दिली होती. दौलतला मात्र तीन वर्षं एकच उत्तर मिळत होतं.

“अजून न्हाई.”

हे आता त्याच्या जिव्हारी लागायला लागलं होतं. त्याने बाबांना गुरू मानलं होतं. आणि आपण गुरू मानला की आपण शिष्य झालोच, अशी त्याची समजूत होती.

“दारू न्हाई, गुटखा न्हाई,” तो म्हणाला. “बारा वर्षांत माझ्या गाडीखाली कुत्रंसुद्धा आलं न्हाई. आन् सगळ्यात मोठं म्हंजे, मी हॉर्न देत न्हाई.”

“देत न्हाईस?”

“कधीच न्हाई. झोपल्याला का उठवायचं? बाकीचे बघा, दिसभर भों भों करत्यात. मी आपला गुमान निघतो.”

“आन् पुढं जायचं झालं तर?”

दौलत हसला. “पुढं जाणाऱ्यानं आवाज करू नये, बाबा.”

वाक्य त्याचं त्यालाच आवडलं. एखाद्या गुरूच्या तोंडी शोभलं असतं.

बाबांनी आता मान वर केली. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं.

“हाताला काय लागलंय?”

उजव्या पंज्यावर चीक वाळून काळपट झाला होता. दौलतने हात पँटला पुसला. चीक काही गेला नाही.

“उंबर हाय. खालच्या वळणावरचं.”

“उंबर कशाला तोडलंस?”

खोटं बोलता आलं असतं. पण दौलतला आपल्या युक्त्यांचा इतका अभिमान होता की त्या लपवणं त्याच्या जिवावर यायचं. ज्याला शाबासकीची भूक असते, तो आपला गुन्हासुद्धा ताटात वाढून आणतो.

तो ऐसपैस मांडी घालून बसला.

नाक्यावर प्रत्येक ट्रक काट्यावर चढवून वजन करतात, कागद तपासतात. त्यामुळे रांग खिंडीच्या पायथ्यापर्यंत जाते. रस्त्याची डावी बाजू चढणाऱ्यांची, उजवी उतरणाऱ्यांची. हवालदार बिराजदारांचा नियम साधा होता. जो रांग मोडेल तो शेपटाला जाईल. मग तो कुणाचाही मेहुणा असो.

सवलत फक्त बंद पडलेल्या गाडीपुरती होती. गाडी बंद पडली की ड्रायव्हर तिच्या मागच्या फळीत हिरवी फांदी खोवायचा, चाकांना दगड लावायचा आणि मेस्त्री आणायला जायचा. अशा गाडीला कुणी हॉर्न देत नसे. तिच्या मागे अडकलेल्यांना बिराजदार स्वतः उजवीकडून काढून द्यायचे.

“तर आज माझ्या पुढं एक लाल गाडी होती,” दौलत सांगू लागला. “रांग सरकली, ही हलंना. उतरून बघितलं, तर ड्रायव्हर झोपलेला. दुसरा कुणी असता तर हॉर्नवर हात ठेवून बसला असता.”

“तू?”

“मी फांदी तोडली.”

शेळीने बाबांच्या हातातला पाला ओढून घेतला.

“मागं ‘हॉर्न प्लीज’ लिहिलं होतं, बरोबर त्याच्यावर खोवली. चाकाला दोन दगड. बिराजदारसाहेब आले, फांदी बघितली, शिट्टी मारली. समोरच्या गाड्या थांबवल्या आन् म्हणाले, काढा बाजूनं. पोलिसानं हातानं वाट करून दिली मला, बाबा! पोलिसानं!”

“मग?”

“मग काय. एकदा उजवीकडं निघाल्यावर डावीकडं परत कोण येतंय? पन्नास गाड्या मागं टाकल्या. लोकांनी शिव्या दिल्या. शिव्यांनी काय टायर फुटत न्हाई. काट्याशी पोचलो तवर जेवणाची सुट्टी झाली. आता दोन वाजता माझाच पयला नंबर.”

त्याने बाबांकडे आशेने पाहिलं. शाबासकी नको, निदान मिशीतल्या मिशीत हसावं माणसाने.

“तो उठला का?” बाबांनी विचारलं.

“कोण?”

“लाल गाडीतला.”

“उठंल की. रातभर गाडी मारली असंल बिचाऱ्यानं. म्हणून तर उठवला न्हाई.”

आणि खरं सांगायचं तर ‘बिचारा’ हा शब्द त्याने अगदी मनापासून उच्चारला.

इतक्यात मोटारसायकल आली. बिराजदार घामाने निथळत होते, शिट्टी गळ्यात लोंबत होती.

“म्हेत्रे! ऊठ. गाडी काढ. शेपटाला जायाचं, अगदी खाली, पुलापाशी. मी वाट कशाला करून दिली आन् तू काय केलंस?”

“साहेब, जेवणाची सुट्टी हाय.”

“तुझ्या तर...” बाबा दिसले, तेव्हा बिराजदारांनी पुढचं गिळलं.

बाबांनी माठातलं पाणी त्यांच्या हातात दिलं. ते घटाघटा प्याले. तांब्या खाली ठेवेपर्यंत बाबा थांबले.

“बिराजदार, त्या लाल गाडीचा मेस्त्री आला का?”

“कुठला येतोय! ड्रायव्हर आणायला गेलाय, त्योच अजून आला न्हाई. तासाभरात दोन चकरा मारल्या मी.”

“गाडीत कुणी न्हाई?”

“फांदी लावून गाडीत कोण बसंल, बाबा? काचा वर करून, कुलूप घालून गेलाय.”

“काचा वर?” दौलतने विचारलं.

“दोन्ही.”

मे महिना. दुपारची वेळ. ट्रकच्या पत्र्यावर हात ठेवला तर फोड यावा, असं ऊन. बारा वर्षांत दौलत शेकडो वेळा केबिनमध्ये झोपला होता. काचा वर करून तो कधी झोपला नव्हता. कुणीच झोपत नाही. आणि झोपायचंच तर ड्रायव्हर केबिनमधल्या मागच्या बाकावर पाय ताणून आडवा होतो...

“डोकं स्टेअरिंगवर होतं,” तो म्हणाला.

“कुणाचं?”

“त्याचं.”

“कुणाचं, म्हेत्रे? गाडी मोकळी हाय. फांदी लावलीया.”

“फांदी मी लावली.”

बिराजदारांना ते लगेच कळलं नाही. मग कळलं. इतका आडदांड माणूस, पण त्याने तकियाचा खांब धरला.

“मी दोन येळा गेलो शेजारनं, वर चढून बघितलं न्हाई,” ते म्हणाले. “हातानं दावलं लोकांस्नी... बाजूनं काढा म्हणून. दोन येळा...”

दौलत तोवर धावत सुटला होता.

उतार होता, पायात चप्पल होती, ती कुठे निसटली ते त्याला कळलं नाही. डांबर तापून मऊ झालं होतं. ज्या पन्नास गाड्या त्याने तासापूर्वी मागे टाकल्या, त्या आता एकेक करून उलट्या क्रमाने लागत होत्या. ड्रायव्हर खिडकीतून हसत होते.

“काय रं, आज पायीच शेपटाला?”

लाल गाडी वळणावर एकटी उभी होती. तिच्या मागे मोठी रांग लागली होती, पण पाच हात अंतर राखून. कुणी हॉर्न देत नव्हतं. सगळे रीत पाळत होते. फांदीची पानं मलूल होऊन खाली लोंबली होती.

दार आतून बंद. काचेवर हात मारला, हाका मारल्या. आतलं डोकं हललं नाही.

दौलतने मागच्या चाकाजवळचा दगड उचलला. त्यानेच लावलेला दगड. दोन घावांत काच फुटली आणि आतली वाफ तोंडावर आली.

पन्नास-पंचावन्नचा माणूस होता. कानाला मफलर, अंगाभोवती सोलापुरी चादर घट्ट लपेटलेली.

“हुडहुडी भरली असणार,” मागून बिराजदारांचा आवाज आला. त्यांनी मोटारसायकलवर बाबांना बसवून आणलं होतं. “थंडी वाजून ताप आला, म्हणून काचा... अरे देवा.”

अंग तव्यासारखं तापलं होतं. ओठ काळे पडले होते. दौलतने नाकाशी बोट धरलं आणि वाट पाहिली. काहीच नाही... काहीच नाही... मग अगदी बारीक, एकदा.

“हाय! हाय अजून!”

दौलतने एवढ्या मोठ्याने ओरडलेलं त्या रस्त्याने कधी ऐकलं नव्हतं.

बिराजदार फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी तो खाली केला. “पल्याडच्या दवाखान्यातनं गाडी यायला पाऊण तास लागंल म्हणत्यात. म्हेत्रे, हीच गाडी काढ. उजवीकडनं जा. मी वर जाऊन समोरच्या गाड्या अडवतो.” मग त्यांच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून ते स्वतःच दचकले. “मोड रांग. मी सांगतो, मोड.”

ते गेले.

दौलतने फांदी उपसून फेकली, उरलेला दगड लाथेने उडवला आणि स्टेअरिंगवर बसला. शेजारी बाबा बसले. त्या माणसाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. बाबांनी झोळीत हात घातला आणि हिरव्या कापडाची चिंधी काढली. कॅनमधल्या पाण्यात ती भिजवली आणि त्या माणसाच्या कपाळावर ठेवली.

दौलतने ते पाहिलं. त्याने चावी फिरवली.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तिला काहीच झालं नव्हतं.

दहा गाड्या मागे पडल्या. वीस. पंचवीस. ज्या माणसाने जन्मभर हेच केलं त्याला हे जड का जावं? पण दौलत दर गाडीगणिक बाबांच्या मांडीवरच्या तोंडाकडे पाहत होता. आणि मग वळण संपता संपता एक लांबलचक ट्रेलर रांगेतून तिरका बाहेर निघाला आणि रस्ता अडवून उभा राहिला.

ट्रेलरवाल्याने खिडकीतून डोकं काढलं.

“आलास का परत? मघाशी एक गाडी, आता दुसरी?”

“सोड रं! माणूस मरतोय!”

“दर खेपेला तुझं कुणी ना कुणी मरतंय. मागच्या टायमाला आय मरत हुती न्हवं?”

आजूबाजूच्या केबिनमधून हशा उठला. कुणीतरी टाळी दिली. “जाऊ देऊ नका आज त्येला!” आणखी एक गाडी तोंड बाहेर काढून उभी राहिली.

हे खरं होतं. मागच्या खेपेला त्याने आई मारली होती. त्याआधी पोरगी. आई आपली घरी खुशाल भाकऱ्या थापत होती.

“आईची आन!” दौलत ओरडला, आणि कुणाची आन घेतोय हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

ट्रेलरवाल्याने काच वर केली. त्याने तोंड फिरवलं आणि रेडिओ लावला.

दौलत स्टेअरिंग धरून बसला. चिकाने तळवा रबराला चिकटत होता. पुढे गाडी, मागे रांग, एका बाजूला दरी. वर कुठेतरी बिराजदारांची शिट्टी वाजत होती, पण ती इथल्या लोकांसाठी नव्हती. त्याला वाटलं, खाली उतरावं, एकेकाचे पाय धरावेत. पण तेवढा वेळ कुठे होता?

बाबांच्या मांडीवर श्वास आला. मग थांबला. दौलतचाही थांबला. बऱ्याच वेळाने पुन्हा आला, खरखरत.

“बाबा...”

बारा वर्षांत कुत्रंसुद्धा गाडीखाली न आलेला माणूस लहान पोरासारखा रडत होता.

“वाचंल न्हवं ह्यो? सांगा की, बाबा. एवढंच सांगा. वाचंल न्हवं?”

बाबांनी कपाळावरची चिंधी काढली, पिळली, पुन्हा भिजवली, पुन्हा ठेवली.

“हॉर्न दे.”