मैनेची जीभ आणि कासवाचा कातळ

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात पाणी द्यायला पाट होता एकच आणि शेतं होती एकशेचाळीस. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, त्या साऱ्या पाळ्या एक मैना तोंडपाठ ठेवायची.

विचारायचा अवकाश, की उत्तर तयार! मी तर ऐकलंय, कधीकधी उत्तर प्रश्नाच्या आधीच यायचं.

एके दिवशी गावात मिरच्या कांडल्या. मैनेला सणसणीत शिंक आली आणि सगळ्या पाळ्या डोक्यातून उडाल्या. मग काय! जो तो फावडं घेऊन बांधावर.

"आज पाळी माझी!"

"तुझी? स्वप्नात होती का?"

तीन दिवस भांडण चाललं आणि पाणी कुणालाच मिळालं नाही. ठमाआजीची वांगी माना टाकू लागली. नातीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं. भरली वांगी नसतील, तर वऱ्हाडाला वाढायचं काय?

शेवटी गावाने पाळ्या नव्याने ठरवल्या आणि काम कासवाला दिलं. ते प्रत्येक पाळी टेकडीमागच्या कातळावर कोरायचं. शिंकलं, झोपलं, उताणं पडलं, तरी अक्षर जागचं हलायचं नाही. पण कुणी विचारलं, की ते टेकडीमागे जाणार, वाचणार, परत येणार. तोवर पाटाचं पाणी ओढ्याला मिळालेलं!

"कासवदादा, जरा पाय उचला की!" आजी ओरडली.

"उचललाय, आजी. आता खाली ठेवतोय."

आजीने कपाळावर हात मारला. मग पाटात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "मैने, एका दिवसाच्या पाळ्या किती गं?"

"दहा."

"मग एकशेचाळीस कशाला डोक्यात कोंबत होतीस? दादा, तुम्ही सगळ्या कोरा. उद्याच्या दहा तेवढ्या रोज संध्याकाळी हिला सांगा. आणि पाळी बदलली, तर आधी कातळावर, मग हिच्या कानात."

"आणि मी पुन्हा शिंकले तर?"

"तर दादा पुन्हा वाचून येतील. थोडा उशीर होईल, पण गाव भांडणार नाही."

तसंच केलं. लग्नापर्यंत वांगी अशी टरारली, की एकेक उचलायला दोघे लागले! मैना पहिल्या पंगतीला जेवली आणि चव गावभर सांगून मोकळी झाली. कासव पोहोचलं ते पंगती उठल्यावर. आजीने त्याचं ताट झाकून ठेवलं होतं, चार वांगी जास्तीची वाढून.

बोध एवढाच: घडोघडी लागतं ते जिभेवर असावं, पण जे गमावून चालणार नाही, ते आधी कातळावर कोरावं.